अनुस्वाराने अडविलेली पुस्तके

वस्तू हरवणे आणि वस्तू न सापडणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ज्या घरात एखादी आजी असते त्या घराला शिकवावे लागत नाही. जायफळ कोठे आहे म्हणून सूनबाई साऱ्या फडताळाची उलथापालथ करतात, 'संपलेले दिसते' असे म्हणून वाण्याच्या यादीत लिहूनही टाकतात, आणि आजी बसल्या जागेवरून सांगते, "अगं, वेलदोड्यांच्या डब्यात बघ, पुडीत बांधून ठेवलंय." जायफळ घरातच होते. सूनबाईंचा शोध ज्या वाटेने गेला त्या वाटेवर ते नव्हते, इतकेच.

संगणक आल्यापासून आजीचे हे काम पुष्कळ ठिकाणी शोधचौकटीकडे गेले आहे. चौकटीत चार अक्षरे लिहावयाची, कळ दाबावयाची, की यादी समोर हजर! यादी आली तर उत्तमच. पण केव्हा केव्हा यादीच्या जागी नुसते शून्य येते, आणि ह्या शून्याला आपण भलताच मान देतो. आजीला 'तू विसरली असशील' असे म्हणायला कोणी कचरत नाही. यंत्राच्या शून्यावर मात्र अपील नाही. खिडकीमागच्या माणसाने पडद्याकडे पाहून "तुमचं नाव येत नाही" असे म्हटले की आपल्यालाच आपल्या नावाविषयी शंका येऊ लागते!

हे शून्य कसे तयार होते, कोण तयार करतो, आणि ते दुरुस्त करता येते काय, ह्याचा मला गेल्या वर्षी जरा जवळून परिचय झाला. विषय संगणकाचा आहे. पण वाचकांनी भिऊन पान उलटू नये. त्यातला निम्माअधिक भाग शुद्धलेखनाचा निघाला, आणि तो माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे.

आमच्या शहरातील एका जुन्या ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद चालली होती. कपाटातले पुस्तक काढावे, संगणकात त्याची नोंद पाहावी, नोंद असेल तर खूण करून परत ठेवावे, असा क्रम. दाखल क्रमांकावरून शोधणे सोपे गेले असते. पण ते क्रमांक मध्यंतरी दोनदा बदललेले, जुने शिक्के पुसट झालेले. तेव्हा शोध नावावरून घ्यावयाचा असे ठरले. ज्यांची नोंद सापडत नव्हती अशी पुस्तके एका बाजूला रचली जात होती, आणि त्या ढिगाचे पुढे काय करावयाचे ह्याबद्दल कार्यकारी मंडळात दोन मते नव्हती. नोंद नाही म्हणजे पुस्तक ग्रंथालयाचे नाही. ग्रंथालयाचे नाही, पाने पिवळी आणि पुठ्ठा सुटलेला, म्हणजे रद्दी.

मी तेथे गेलो होतो तो दुसऱ्याच कामासाठी. ढिगातले सर्वांत वरचे पुस्तक हरिभाऊ आपट्यांचे होते : 'पण लक्षांत कोण घेतो!' हरिभाऊंच्या ह्या कादंबरीची नोंद मराठी ग्रंथालयात नाही, हे मला पटेना. मी तेथील लिपिकाला पुन्हा शोधावयास सांगितले. त्याने माझ्यादेखत चारही शब्द नीट टंकलिखित केले. शून्य. मग नुसते 'कोण घेतो' एवढेच लिहावयास सांगितले, आणि कादंबरी एकदम समोर आली! नोंद होती. कित्येक वर्षे होती. जुन्या कार्डावरून ती ज्याने संगणकात उतरविली त्याने पुस्तकावर होते तसे 'लक्षांत' लिहिले, त्यावरचा अनुस्वार न गाळता. आमचा लिपिक आजच्या रीतीने 'लक्षात' लिहीत होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांच्या मध्ये एक टिंब उभे होते.

आता हे टिंब आले कोठून, ते तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. जुन्या मराठी छपाईत 'घरांत', 'गांव', 'नांव', 'कांहीं', 'माझें' असे अनुस्वार देत असत. त्यांतले बहुतेक उच्चारात नव्हते; व्युत्पत्तीचा किंवा विभक्तीचा मान म्हणून ते डोक्यावर बसलेले असत. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम केले, 1962 साली राज्य शासनाने ते मान्य केले, आणि हे अनुच्चारित अनुस्वार एका फटक्यात गेले. त्याच नियमांनी 'कवि'चा 'कवी' झाला, 'हरि'चा 'हरी' झाला, 'गुरु'चा 'गुरू' झाला. म्हणजे 1962 ह्या वर्षाच्या अलीकडची आणि पलीकडची पुस्तके एकाच कपाटात शेजारी शेजारी उभी असली, तरी यंत्राच्या दृष्टीने ती दोन निरनिराळ्या लिप्यांत लिहिल्यासारखी आहेत. ढिगातली बहुतेक पुस्तके पलीकडची होती, हे सांगावयास नकोच.

त्या ग्रंथालयाची संगणकावरील नोंदवही माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने करून दिलेली आहे. विज्ञान शाखेला असताना ती माझ्या मराठीच्या तासाला बसत असे. आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करते. मी तिला दूरध्वनी केला, आणि पुढच्या दोन रविवारी ती येऊन बसली. ह्या लेखातले संगणकाचे ज्ञान तिचे आहे, बडबड माझी.

ही नोंदवही 'जँगो' नावाच्या चौकटीवर उभारलेली आहे. चौकट म्हणजे घर बांधण्यापूर्वीच उभे असलेले खांब-तुळया म्हणावयास हरकत नाही. भिंती, खिडक्या आणि रंग मात्र आपण आपल्या सोयीने करावयाचे. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' ह्या पत्राच्या संकेतस्थळाचे काम पाहणारे एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन ह्या दोघांनी 2003 मध्ये त्याचा पाया घातला आणि जुलै 2005 मध्ये ते सर्वांना मोफत खुले झाले. नाव ठेवले ते जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाचे. 1928 साली आगीत भाजून ह्या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली, आणि उरलेल्या बोटांवर त्याने पुढे युरोपभर नाव मिळविले.

जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत झाल्यामुळे जँगोला एक चांगली सवय लागली. वार्ताहरांना आणि उपसंपादकांना मजकूर भरण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी, शोधण्यासाठी एक पडदा लागतो. प्रत्येक नव्या कामासाठी तो नव्याने करीत बसणे परवडत नाही. म्हणून जँगोमध्ये तो पडदा आयताच मिळतो. त्याला ॲडमिन म्हणतात. हे घराचे माजघर आहे, दिवाणखाना नव्हे. बाहेरच्या वाचकाने तेथे येणे अपेक्षित नाही. विश्वासातल्या कर्मचाऱ्यांनीच तेथे वावरावे असे तो करणारे स्वतःच सांगतात. पण रद्दीत काय जावयाचे आणि कपाटात काय राहावयाचे हे दिवाणखान्यात कोठे ठरते? ते माजघरातच ठरते.

ॲडमिनमधील शोधचौकट आपोआप येत नाही. कोणकोणत्या रकान्यांत शोधावयाचे त्याची एक यादी द्यावी लागते. तिचे नाव 'सर्च फील्ड्स'. आमच्या नोंदवहीत त्या यादीत पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव असे दोन रकाने होते. यादी दिली की चौकट उगवते आणि काम सुरू होते. त्या कामाची रीत एकदा समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळ्या मौजा तेथूनच सुरू होतात.

तुम्ही लिहिलेल्या ओळीचे यंत्र प्रथम मोकळ्या जागांवरून शब्द पाडते. मग प्रत्येक शब्द दिलेल्या रकान्यांपैकी कोणत्या तरी एकात सापडलाच पाहिजे असा आग्रह धरते. एक शब्द जरी कोठेच सापडला नाही तरी ती नोंद बाद. सापडणे म्हणजे अक्षरांचा तो तुकडा कोठेही, शब्दाच्या पोटातसुद्धा, जसाच्या तसा आढळणे. शब्दांच्या क्रमाला मात्र किंमत नाही. रकान्याच्या नावापुढे छोटी चिन्हे लावून ही रीत थोडी बदलता येते : एका चिन्हाने 'सुरुवातीलाच आढळले पाहिजे' असे सांगता येते, बरोबरीच्या चिन्हाने 'तंतोतंत तेवढेच असले पाहिजे' असे सांगता येते.

ही रीत इंग्रजी वृत्तपत्राच्या कचेरीत उत्तम चालली असेल. मराठी पुस्तकांच्या कपाटापुढे तिला उभी करा, म्हणजे काय होते पाहा.

पहिली गोष्ट आपट्यांचीच. 'हरि नारायण आपटे' असे लिहिले की हरिभाऊ येतात, आणि त्यांच्या मागोमाग नारायण हरि आपटेही येतात! हे दुसरे कादंबरीकार आपटे. ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून 1937 साली शांतारामबापूंनी 'कुंकू' हा बोलपट काढला. दोघांच्या नावांतले तिन्ही शब्द तेच, फक्त आगेमागे. आणि यंत्राला तर आगेमागे कळत नाही. आद्याक्षरे लिहिली तरी तीच गत : 'ह. ना. आपटे' म्हणा की 'ना. ह. आपटे' म्हणा, दोघे हातात हात घालूनच येणार. नुसते 'आपटे' लिहावे तर संस्कृत कोशकार वामन शिवराम आणि 'आनंद' मासिकाचे वासुदेव गोविंद हेही पंगतीला. उलट 'ह.ना.आपटे' असे मधल्या जागा न सोडता लिहिले, तर कोणीच येत नाही. नोंदीत जागा सोडलेल्या असल्यामुळे तेवढा सलग तुकडा तेथे नसतोच.

जँगोच्या 3.2 ह्या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल 2021 पासून, अवतरणचिन्हात लिहिलेले शब्द एकत्र आणि त्याच क्रमाने शोधले जातात. आपट्यांच्या भाऊगर्दीवर हा बरा उतारा आहे. पण अवतरणचिन्ह घालावे हे लिपिकाला कोणी सांगितले होते? ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट टोपणनावांची. आपल्या कवींनी टोपणनावे घेतली तेव्हा त्यांच्यापुढे शोधचौकट नव्हती, नाहीतर त्यांनी थोडा विचार केला असता. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर, हे मराठीच्या विद्यार्थ्याला पाठ असते. नोंदीत एक नाव असेल आणि शोधणाऱ्याने दुसरे लिहिले, तर यंत्र शून्य दाखविते. त्यासाठी टोपणनावांची एक निराळी वही करून ती लेखकांच्या नोंदीला जोडावी लागते, आणि शोधाच्या यादीत तिचेही नाव घालावे लागते. हे सोपे आहे. पण त्यानंतर आम्ही 'ग्रेस' असे लिहून पाहिले. माणिक गोडघाट्यांचे काव्यसंग्रह आले, आणि त्यांच्याबरोबर राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाची एक फळीच्या फळी आली. कारण शोधा म्हणजे सापडेल : 'काँग्रेस' ह्या शब्दाच्या पोटात 'ग्रेस' आहे! नारायण मुरलीधर गुप्ते ह्यांनी तर 'बी' एवढेच नाव घेतले. 'बी' लिहिले की बीजगणित येते, गरिबी येते, अरबी भाषेचा परिचय येतो. कविराज त्या गर्दीत कोठे तरी कोपऱ्यात उभे असतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत चमत्कारिक वाटली, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. 'दऱ्याखोऱ्या' ह्या शब्दातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावा. किंवा साधा 'र' घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावे. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राच्या पोटात मात्र ते निराळे आकडे आहेत, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला सापडत नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोड नावाच्या जागतिक अक्षरतक्त्यात 2008 साली स्वतंत्र म्हणून आले. त्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवीत. 'काँग्रेस'मधला चंद्रबिंदू कोणी काना देऊन लिहितो, कोणी 'ऑ'ची खूण देऊन वर अनुस्वार ठेवतो. मुद्रितशोधकाच्या नजरेलाही जे फरक दिसू नयेत, ते यंत्र काटेकोरपणे पाळते!

आकड्यांचेही तेच. '१९३७' आणि '1937' ही आपल्याला एकच गोष्ट. मजकुरात शोधताना यंत्राला त्या दोन. मौज अशी की जँगो ज्या पायथन भाषेत लिहिलेले आहे, ती भाषा देवनागरी आकड्यांची संख्या करून द्या म्हटले तर बिनतक्रार करून देते. तिला ते येते. पण कोणी विचारावे लागते.

तर आता उपाय. कार्यकारी मंडळातील एका सभासदांनी तो तत्काळ सुचविला : सगळ्या नोंदी आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे दुरुस्त करून टाका. 'लक्षांत' खोडा, 'लक्षात' लिहा. 'गांव' खोडा, 'गाव' लिहा. सुट्टीत चार मुले बसवा, महिन्याभरात काम होईल. ह्या सूचनेला मी जितक्या जोराने विरोध करता येईल तितका केला. पुस्तकाचे नाव म्हणजे त्याच्या मुखपृष्ठावर छापलेले नाव. ते त्या काळाचा पुरावा आहे. 'लक्षांत' हे रूप जिवंत होते तेव्हाच्या आवृत्तीची नोंद 'लक्षात' अशी करणे म्हणजे जुन्या फोटोतल्या आजोबांची पगडी पुसून तेथे टोपी काढण्यासारखे आहे. शिवाय उद्या कोणी पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठावरची अक्षरे तशीच लिहील, तर त्याच्या वाट्याला शून्य येईल. अन्याय फक्त ह्या बाजूचा त्या बाजूला जाईल.

माझ्या विद्यार्थिनीने वाद मिटविला. ती म्हणाली, "सर, नोंदीला हात लावायचाच नाही. शोधाला लावायचा."

जँगोच्या ॲडमिनमध्ये 'गेट सर्च रिझल्ट्स' नावाचे एक दार आहे. 2013 सालच्या 1.6 ह्या आवृत्तीपासून ते उघडे केलेले आहे. चौकटीत लिहिलेली ओळ आणि सगळ्या नोंदींचा संच ह्या दारातून आत जातात, आणि सापडलेल्या नोंदींचा संच बाहेर येतो. आत काय घडावे ते आपण आपल्या हाताने लिहू शकतो. मूळची रीत टाकून द्यावी लागत नाही; आधी तिला तिचे काम करू द्यावयाचे, मग आपली भर घालावयाची.

भर कसली? प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत तिने एक गुप्त रकाना वाढविला. त्याला आम्ही 'शोधरूप' म्हणू लागलो. त्यात पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव सगळे भेद पुसून ठेवलेले असते : अनुस्वार गेले, सगळ्या वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व झाले, अदृश्य चिन्हे गेली, दोन्ही तऱ्हांचे 'ॲ' एक झाले, आकडे एका लिपीत आले, आद्याक्षरांमागची टिंबे गेली. नोंद साठविताना यंत्र हे रूप स्वतःच करते. माणसाला ते दिसतही नाही. आणि शोधणाऱ्याने काहीही लिहिले, तरी त्या ओळीवरही तेच संस्कार करून मग दोन्ही रूपे जुळविली जातात. 'लक्षांत' आणि 'लक्षात' दोन्हींचे शोधरूप 'लक्षात'. पडद्यावर मात्र यादीत हरिभाऊंचा अनुस्वार जागच्या जागी!

रीत तिची, कोणते भेद पुसावयाचे आणि कोणते राखावयाचे हे ठरविण्याचे काम तिने माझ्यावर सोपविले, आणि त्यात दोन रविवार गेले. कारण एक भेद पुसला की दुसरीकडे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. अनुस्वार काढला की 'मंद' आणि 'मद' एक होतात, 'वंश' आणि 'वश' एक होतात. ऱ्हस्व-दीर्घ काढले की 'दीन' आणि 'दिन', 'सूत' आणि 'सुत' ह्यांचा गोंधळ. तरीही हे दोन भेद पुसावयाचे असे मी ठरविले. यादीत चार जादा नावे आली तर माणूस ती नजरेने वगळतो. न आलेले नाव त्याला वगळलेले कळतसुद्धा नाही.

'हिन्दु' आणि 'हिंदू', 'पण्डित' आणि 'पंडित' ह्यांना जोडण्यासाठी पुढच्या वर्गातल्या व्यंजनाला लागलेले पंचमवर्णही अनुस्वारासारखे धरले. पण 'जन्म' आणि 'अन्न' ह्यांना हात लागता कामा नये, एवढी काळजी घेतली. 'ल' आणि 'ळ' मात्र एक करू दिले नाहीत. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' सापडावेत म्हणून 'काल' आणि 'काळ' एक करावयाचे, हे माझ्याच्याने होईना! कुलकर्ण्यांची दोन्ही रूपे टोपणनावांच्या वहीत टाकली.

'ग्रेस'साठी असे केले, की टोपणनावांच्या वहीतला शब्द कोणी लिहिला तर तो शब्दाच्या आरंभीच आढळला पाहिजे. म्हणजे 'ग्रेसच्या' सापडतो, 'काँग्रेस' वगळला जातो. हाच नियम सरसकट का लावू नये असे तिने विचारले. लावला असता तर 'कथा' लिहिल्यावर 'लघुकथा' आणि 'नवलकथा' गेल्या असत्या, 'रामायण' लिहिल्यावर 'अध्यात्मरामायण' गेले असते. आपली भाषा समासांवर जगते. कवी 'बी' ह्यांच्यापुढे मात्र आम्ही हात टेकले. तेवढा एक शब्द फक्त टोपणनावाच्याच रकान्यात आणि तंतोतंत शोधावा, असा खास त्यांच्यापुरता कायदा केला.

पावसाने मात्र आम्हाला हरविले. 'पाऊस' लिहिले तर 'पावसाळा' सापडत नाही, 'घोडा' लिहिले तर 'घोड्याचा' सापडत नाही. प्रत्यय लागताना शब्दाचे जे सामान्यरूप होते ते ह्या यंत्राला ठाऊक नाही, आणि ते शिकविणे दोन रविवारांचे काम नव्हे. तेथे लिपिकालाच युक्ती सांगितली : शब्दाचा न बदलणारा भाग तेवढा लिहावा. 'घोड' लिहिले की घोडा, घोड्याचा आणि घोडदौड येतात; 'कुरघोडी'ही येते, तिला इलाज नाही. 'पाव' लिहिल्यावर पावसाळ्याबरोबर पावनखिंड आणि पावभाजी येतात, हे त्याने स्वतःच शोधून मला हसत हसत दाखविले.

एक धोका अगदी निराळ्या जातीचा होता. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. लेखकाला अशी दोन-तीन नावे जोडलेली असली आणि शोधाचा तुकडा दोन नावांत आढळला, तर तेच पुस्तक यादीत दोनदा येते. पाहणाऱ्याला वाटते की दोन प्रती आहेत. आणि मोजदादीत जादा प्रत म्हणजे पुन्हा तीच रद्दीची वाट! ह्यासाठी त्या दारातून नोंदींच्या संचाबरोबर 'ह्यात पुनरुक्ती असू शकते' अशी एक होय-नाहीची खूण परत द्यावयाची असते. ती 'होय' दिली की जँगो एकेक नोंद एकदाच ठेवते. ही खूण द्यावयास विसरणे सोपे असते, असे ती म्हणाली.

वेगाचे काय, असे कोणी विचारील. पोटातला तुकडा शोधावयाचा म्हणजे यंत्राला प्रत्येक नोंद वाचून पाहावी लागते. काही हजार पुस्तकांना ते जाणवतही नाही. लाखोंचा संग्रह असेल तर निराळी व्यवस्था करावी लागते. आमच्या ग्रंथालयाला ती पाळी इतक्यात येत नाही.

ह्या दुरुस्तीचा एक फायदा आम्ही मनात धरलेला नव्हता. नवे पुस्तक नोंदविताना लेखक निवडावा लागतो. तेथे नाव लिहू लागले की खाली जुळणारी नावे दिसू लागतात. ही सोय 2017 च्या अखेरच्या 2.0 ह्या आवृत्तीपासून आहे, आणि तीही त्याच दारातून जाते. पूर्वी 'हरी नारायण' लिहिल्यावर 'हरि नारायण' दिसत नसे, म्हणून लिपिक बिचारा नवा लेखक निर्माण करी. अशा रीतीने त्या नोंदवहीत हरिभाऊंचे तीन अवतार झाले होते. लेखकांच्या वहीलाही शोधरूप दिल्यापासून चौथा झालेला नाही.

अवतरणचिन्हाचे राहिले होते. कोणी अवतरणचिन्हात लिहिले, तर शोधरूप वापरावयाचे नाही, अक्षरे जशीच्या तशी आणि त्याच क्रमाने पाहावयाची, असे आम्ही ठरविले. म्हणजे साधे लिहिले तर जाळे सैल, अवतरणात लिहिले तर घट्ट. हे शोधणाऱ्याला कळावे कसे? 2021 च्या डिसेंबरात आलेल्या 4.0 ह्या आवृत्तीपासून चौकटीखाली सूचनेची एक ओळ छापता येते. ती ओळ मी लिहावी असे ठरले. ग्रंथालयाच्या त्या पडद्यावर आज ती आहे : 'ऱ्हस्वदीर्घाची व अनुस्वाराची काळजी नको, नेमके तेच हवे असल्यास अवतरणचिन्हांत लिहा.' मराठीच्या अध्यापकाने ऱ्हस्वदीर्घाची काळजी नको असे जाहीरपणे लिहून द्यावे, ह्याचा माझ्या सहकाऱ्यांना फार आनंद झाला आहे.

ढिगातली पुस्तके मग एकेक करून पुन्हा शोधली. बहुतेकांच्या नोंदी निघाल्या. 'गांव', 'नांव', 'कांहीं' असल्या टिंबांनी अडविलेली, कोठे 'कवि'ने, कोठे आद्याक्षरांमधल्या मोकळ्या जागेने. उलटा प्रकारही एक दिसला : 'स्मृतिचित्रे' असे आजच्या रीतीने लिहिले तर 'स्मृतिचित्रें' अशी जुनी नोंद पूर्वीही सापडत होती, कारण टिंब शेवटी असल्यामुळे नवा शब्द जुन्याच्या पोटात मावतो, पण जुन्या पुस्तकावर पाहून टिंबासह लिहिले, तर आजची नोंद सापडत नव्हती.

थोडी पुस्तके मात्र खरोखरच नोंदीवाचून राहिलेली होती. त्यांचे कार्डच कधी झाले नव्हते. त्यांत एक मुखपृष्ठ गेलेला काव्यसंग्रह आहे. कवीने आतल्या पानावर टोपणनाव दिले आहे, आणि ते मला किंवा माझ्या सहकाऱ्यांना कोणालाच ओळखता आलेले नाही. लिपिकाने ते टोपणनावांच्या वहीत लिहून ठेवले आहे, आणि शेजारचा खऱ्या नावाचा रकाना तूर्त मोकळा सोडला आहे.